मार्थाच्या कपाळावरची राख

पारगावात मार्था साळवे कुठे राहते असं विचारलं, तर माणसं जरा अडखळतात. मार्ताबाई म्हटलं की हात लगेच वर होतो. "लेकरांची मार्ताबाई ना? सरळ जावा. पत्र्याची खोली दिसंल. भायेर दोरीवर लंगोटं वाळत असत्यात, तीच."

खूण बरोबर आहे. दिवाळी उलटून ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या, की उन्हाळा तापेपर्यंत ती दोरी रिकामी नसते.

मार्था माझी कॉलेजातली मैत्रीण. आम्ही दोघींनी मराठी घेऊन बी.ए. केलं. एका बाकावर बसलो, एका डब्यातलं खाल्लं. तिला मी चांगली ओळखते, असं मला वाटत होतं. मग अठ्ठ्याण्णव सालच्या एका बुधवारी तिने जे केलं, ते बघून मी गप्प झाले. त्यावर बोलायला मला अजून नीट जमत नाही. म्हणून लिहिते.

तिचे वडील भागुजी साळवे मूळचे नगर जिल्ह्यातले, प्रवरेकाठचे. तिकडे कॅथलिक वस्त्या आहेत, जुनी दगडी चर्चं आहेत. भागुजी तरुणपणी पारगावला एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायला आले आणि इथलेच झाले. आईचं नाव चिमाबाई. आसपास ख्रिश्चन घर एवढं एकच. कॉलेजात कोणी विचारायचं, की बापाचं नाव भागुजी, आईचं चिमाबाई, मग तुम्ही ख्रिश्चन कसे? मार्था म्हणायची, "आज्यानं देव बदलला. नावं, भाकरी, शिव्या, सगळं तेच ठेवलं."

त्यांच्याकडे मिस्सा, म्हणजे फादरनी चालवायची उपासना, महिन्यातून एकदा. फादर मोटारसायकलवरून यायचे, ओसरीवर पाट मांडून प्रार्थना व्हायची. बाकीच्या रविवारी भागुजी स्वतःच प्रार्थना सांगायला बसायचे. ऑइलने काळी झालेली बोटं जपमाळेवरून सरकायची. मधेच कोणी "भागुजी, ट्रॉली जोडायची हाय" म्हणून बाहेरून हाक मारली, की ते तो मणी चिमटीत धरून ठेवायचे, दारातून उत्तर द्यायचे, आणि त्याच मण्यापासून पुढे चालू करायचे.

शाळेची सहल एकदा ओझरला गेली. सगळ्या मुलींनी विघ्नहराला हात जोडले. मार्थानेही जोडले. घरी आल्यावर तिने भीतभीतच वडिलांना सांगितलं. भागुजी म्हणाले, "पावणं म्हणून गेल्यावर त्या घरच्या म्हाताऱ्याला रामराम करतोच की आपण." विषय तिथेच संपला.

आमचं कॉलेज मंचर आणि नारायणगावच्या मधे, रस्त्यापासून थोडं आत होतं. पाटीवर संताचं लांबलचक नाव होतं. ते कोणी घेत नसे. एस.टी.चा कंडक्टरसुद्धा "फादरचं कॉलेज" म्हणूनच तिकीट फाडायचा. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांचे. कॅथलिक मुलं बोटांवर मोजण्याइतकी. पण आवारात छोटं प्रार्थनामंदिर होतं, आणि तिथे रोज सकाळी मिस्सा व्हायची. मार्था वसतिगृहात राहायची आणि रोज जायची. पुढे बसत नसे. खिडकीजवळ, कडेला.

मी एकदा तिला विचारलं, "तिथं तू करतेस काय?"

"बसते."

"आणि?"

"आणि काही नाही. घरी देवाला वेळ काढून द्यावा लागायचा. इथं ठरलेला आहे. बरं वाटतं."

कॉलेजात सेवा मंडळ होतं. त्याचे प्रमुख फादर आल्बर्ट. वसईचे, उंच, जरा पोक काढून चालणारे. मंडळाची कामं साधी असायची. ओझरला गर्दीचा सण झाला की पटांगण झाडायचं. श्रावणात भीमाशंकरच्या वाटेवर पाण्याचे पिंप भरून ठेवायचे. गोरख पोखरकर आमच्याच वर्गातला. त्याच्या वडिलांचा भाजीचा टेम्पो होता. मंडळात आम्ही आवडीने गेलो, गोरखला टेम्पोमुळे घेतलं होतं. तो स्वतःच असं सांगायचा. "मला कोणी सेवा विचारत न्हाई राव. डिझेल हाय का, एवढंच विचारत्यात."

मार्थाच्या घरामागे एक पडीक तुकडा होता. तिथे दरवर्षी कोप्या पडायच्या. बांबूच्या कांबी वाकवून वर चटया टाकलेली ती बुटकी घरं. त्या वर्षी उतरलेली टोळी नवी होती, पाथर्डीकडची. नवरा-बायको मिळून काम करतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रॉलीत चढवते. तान्हं पोर असलं, तर ते बांधावर, वाढ्यांच्या ढिगाच्या सावलीला. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. त्या ढिगात विंचू निघायचे. आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मार्था घरी होती. एका सकाळी सरीतल्या ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले. जवळच्याच बांधावर एका पोराची झोळी बांधलेली होती. भागुजींनी ट्रॅक्टर थांबवून ते पंजे पाहिले आणि घरी येऊन सांगितलं.

सुट्टी संपल्यावर मार्था मला म्हणाली, "ही पोरं बांधावर राहायला नकोत. तोडणी संपेपर्यंत तरी."

एवढंच तिला हवं होतं. पुढे जे झालं ते सगळं एवढ्यासाठी.

फादर आल्बर्टनी पाळणाघराच्या मांडवासाठी ताडपत्री दिली. परीक्षेचं काय, असं विचारलं. "देईन," मार्था म्हणाली. तिने वसतिगृह सोडलं आणि घरून ये-जा सुरू केली. आम्ही बाकीचे पाळी लावून जायचो. भागुजींनी कोप्यांजवळ चार खांब रोवून वर ताडपत्री ताणली. चिमाबाईंनी जुन्या साड्या दिल्या, त्यांच्या झोळ्या झाल्या. पाणी उकळून गार केलं. तांदळाची पेज शिजवली. आणि आम्ही वाट बघत बसलो.

एकही बाई थांबली नाही. पोरं कडेवर घेऊन, कोयते खांद्याला लावून त्या आमच्यासमोरून जायच्या. आमची पेज दुपारी गोरख खायचा.

"पाळणाघर हाय, पाळणं हाय," तो म्हणायचा. "आता लेकरं तेवढी कमी हायेत."

टोळीच्या मुकादमाची आई म्हणजे साळुबाई. तोंडात कायम मिश्री, हातात काठी. एके दिवशी ती आमच्या मांडवासमोर येऊन उभी राहिली.

"लगीन झालंय का गं तुजं?"

"नाही," मार्था म्हणाली.

"हिचं?"

मी मान हलवली.

"अन् त्या टेम्पोवाल्याचं?"

"न्हाई मावशी," गोरख म्हणाला. "बघा की एखादी तुमच्याकडं."

"एकाला बी लेकरू न्हाई, अन् निगाले लोकाची लेकरं संबाळायला." मागच्या बायका हसल्या. साळुबाईने पिंक टाकली आणि ती गेली.

आम्हीही हसलो. मार्था हसली नाही. संध्याकाळी भागुजींनी खरं कारण सांगितलं. ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या त्यांच्या कानावर सगळं यायचं. "फादरच्या कॉलेजची पोरं हायेत, लेकरांच्या डोक्यावर पाणी टाकून बाटवतील, असं कोणीतरी त्यांच्या मनात भरवलंय."

"आम्ही तर त्यांच्यापुढे देवाचं नावसुद्धा काढलं नाही," मी म्हणाले.

"म्हणूनच," भागुजी म्हणाले. "जो काहीच सांगत न्हाई त्याचा लई संशय येतो."

स्वतः भागुजी ख्रिश्चन आहेत, हे त्या टोळीला माहीत नव्हतं. नावावरून कळण्याचा प्रश्न नव्हता. मार्था म्हणजे भागुजी ड्रायव्हरची पोरगी, फादरच्या नादाला लागलेली, एवढंच त्यांना माहीत होतं.

जानेवारी गेला. फेब्रुवारीही संपत आला. पोरं बांधावरच होती.

त्या वर्षी महाशिवरात्र आणि आमच्या कॉलेजातला राखेचा बुधवार एकाच दिवशी आले. राखेच्या बुधवारी कॅथलिकांचा उपवासकाळ सुरू होतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरोघर नेलेल्या झावळ्या लोक परत आणतात. त्या जाळतात, आणि ती राख फादर प्रत्येकाच्या कपाळावर लावतात. आमच्याकडे माड कुठून आणायचे? इथे शिंदीच्या झावळ्या असायच्या. भागुजींच्या घरी येशूच्या तसबिरीमागे वर्षभर खोचलेली शिंदी मार्थाने आदल्या आठवड्यात कॉलेजात नेऊन दिली होती.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच तिच्याबरोबर सकाळच्या मिस्सेला गेले. मागे बसले. फादर आल्बर्ट एकेकाच्या कपाळावर अंगठ्याने राखेचा क्रूस काढत होते आणि प्रत्येकाला तेच सांगत होते, की तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील. इतकी उदास गोष्ट ते फार प्रेमाने सांगत होते. मार्था परत आली तेव्हा तिचा चेहरा निवांत होता.

सुट्टी होती. आम्ही तिघं टेम्पोने पारगावला निघालो. वाऱ्याने आणि घामाने मार्थाच्या कपाळावरचा क्रूस फिसकटला. तिथे पोचेपर्यंत नुसता राखेचा पट्टा उरला होता.

टोळी एरवी उजाडायच्या आत फडात असायची. त्या दिवशी बायका अंघोळी करून गावातल्या महादेवाला पाणी घालून आल्या होत्या. आता निघायच्या तयारीत होत्या. साळुबाईची नजर मार्थाच्या कपाळावर गेली. ती जवळ आली. डोळे बारीक करून तिने नीट बघितलं.

"उपास हाय का गं तुजा?"

"आहे," मार्था म्हणाली.

"कडक?"

"संध्याकाळी एकदाच जेवायचं."

साळुबाईने मागे वळून बायकांकडे पाहिलं. मान हलवली. कुशाबाई नावाची एक तरणी बाई पुढे झाली. तिचा पोरगा वर्षाच्या आतला होता. तिने तो सरळ मार्थाच्या हातात दिला. "रडला तर गूळपाणी दे," म्हणाली आणि कोयता उचलला. तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी. बघता बघता सगळ्या झोळ्या भरल्या, आणि दोन पोरं मला कडेवर घ्यावी लागली. बायका फडाकडे चालू लागल्या. आज उशीर झाला होता, मुकादम ओरडत होता.

गोरख खांबाला टेकून हसायला लागला. "महादेव पावला गं मार्थे."

मार्थाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिचा हात कपाळाकडे गेला, आणि तिला कळलं. ती मांडवाबाहेर धावली. बायका बांधाच्या वळणापलीकडे गेल्या होत्या. आत तीन पोरांनी एकदम सूर लावला. ती परत फिरली.

तो दिवस चांगला गेला. खरंच चांगला गेला. आम्ही पेज भरवली, रताळी कुस्करून दिली, लंगोटं धुतली. गोरखने बैलाचा आवाज काढून दाखवला तेव्हा एक पोर घाबरलं आणि बाकीची खिदळली. कुशाबाईचा पोरगा मार्थाला सोडायला तयार नव्हता. तो तिच्या कपाळावर हात फिरवायचा आणि बोटं तोंडात घालायचा. दुपारपर्यंत राख पार पुसली गेली.

"पुरावा बी गेला," गोरख म्हणाला.

"मी त्यांना सांगणार आहे," मार्था म्हणाली.

"काय?"

"राख कसली होती ते."

गोरखचं हसणं थांबलं. "कशापायी? तू खोटं बोललीस का? उपास हाय का इचारलं, हाय म्हणालीस. हायेच की."

"हो."

"मग?"

"त्यांनी पोरं मला दिली नाहीत, गोरख. मी त्यांना जी वाटले, तिला दिली."

"उद्या एक बी यायची न्हाई. पोरं परत बांधावर. ते पंजे इसरलीस का?"

"नाही विसरले."

गोरख माझ्याकडे वळला. "तू तरी सांग हिला."

मला गोरखचं पटत होतं. बिबट्या काही कोणाच्या कपाळावर काय आहे ते बघत नाही. पण मी मार्थाकडे पाहिलं. ती त्या पोराला मांडीवर घेऊन हलके थोपटत होती. तिचा चेहरा सकाळसारखाच निवांत होता. मी दुसऱ्या पोराचं लंगोट बदलायला घेतलं.

उन्हं कलली तशा बायका परत आल्या. डोक्यावर वाढ्यांचे भारे, हात चिकट, तोंडं काळवंडलेली. पोरं त्यांच्याकडे झेपावली. कुशाबाईने आपल्या पोराचं पोट चाचपून बघितलं. भरलेलं होतं. ती मार्थाकडे बघून हसली. त्या हंगामात ती आमच्याकडे बघून पहिल्यांदाच हसली होती.

तेव्हा मार्थाने सांगितलं. "मावशी, सकाळची राख महादेवाची नव्हती. आमच्या देवळातली होती. मी ख्रिश्चन आहे. माझे आईबापही. आमचाही आज उपास असतो."

एका बाईने डोक्यावरचा भारा खाली टाकला.

"म्हंजी भागुजी डायवर बी?" साळुबाईने विचारलं.

"हो."

"अन् उपास?"

"उपास खरा आहे."

"मग सकाळी का न्हाई बोललीस?"

"मला कळलं तोवर तुम्ही गेला होता. मी मागं धावले. पोरं रडायला लागली म्हणून परत आले."

कुशाबाईने पोराचं कपाळ बघितलं. मग टाळू बघितली. ओली आहे का, ते. तिचं हसू गेलं होतं. तिने पोर खांद्यावर टाकलं आणि ती कोपीत गेली. एकेक करून सगळ्या गेल्या. साळुबाई मागे राहिली. काठीवर हनुवटी टेकून तिने बराच वेळ मार्थाकडे पाहिलं, आणि तीही गेली.

परतताना गोरखने टेम्पो खड्ड्याखड्ड्यांतून जोरात दामटला. मी एवढी पुस्तकं वाचली होती. सत्य या विषयावर निबंध लिहून बक्षीस घेतलं होतं. कोणी विचारलेलं नसताना, उत्तर देण्याची गरज नसताना, हातात आलेली गोष्ट कोणी अशी परत देऊन टाकतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं होतं. मला तिचा रागही आला होता.

गुरुवारी कोणी आलं नाही. शुक्रवारीही नाही. मार्था रोज पेज शिजवत होती. मी तिला विचारलं, "पस्तावलीस का?"

"पोरांचं वाईट वाटतं," ती म्हणाली. "सांगितल्याचं नाही."

शनिवारी आम्ही मांडवात बसलो होतो. साळुबाई येताना दिसली. एका हातात काठी, दुसऱ्या काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. ती थेट आत आली. फडकं सोडलं. आत शेंदूर फासलेला एक गोल धोंडा होता.

"ह्यो म्हसोबा," ती म्हणाली. "धोंडा हितल्याच वढ्यातला हाय. शेंदूर आमचा. फडात उतरायच्या आदी आमी ह्येला बसवतो. राखण करतो."

मार्था बघत राहिली.

"तू तुजं सांगितलंस. आता आमचं बी हितं बसू दे. तुजा बी बगंल, ह्यो बी बगंल. चालंल का?"

मार्थाच्या गळ्यात संताच्या मेडलची बारीक साखळी होती, तिच्याशी ती चाळा करू लागली. "मला याची पूजा करता यायची नाही, मावशी."

"तुला कोन कर म्हनतंय? तू लंगोटं बदल."

गोरख फसकन हसला. मग मार्था हसली. मग मीही. साळुबाई हसली नाही. तिने कोपऱ्यातली जागा हाताने साफ केली, धोंडा ठेवला, आणि त्याच्या शेजारी स्वतः बसली. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. एकही पोर नव्हतं, तरी बसून होती. पाणी कसं उकळतो, हात कधी धुतो, सगळं बघत होती. मधे एकदा म्हणाली, "पेज लई पातळ करती तू."

सोमवारी ती आपल्या नातवाला घेऊन आली. तिच्यामागे कुशाबाई होती. पोर देता देता तिने हात आखडला.

"डोक्यावर पानी न्हाई ना टाकनार?"

"अंघोळ घालीन तेव्हा पडंल की," मार्था म्हणाली.

कुशाबाई क्षणभर थांबली. मग तिला हसू फुटलं. तिने पोर दिलं.

काही दिवसांनी फादर आल्बर्ट बघायला आले. मांडवात शिरले आणि त्यांची नजर कोपऱ्यावर गेली. फादरनी चष्मा नाकावर सरकवला.

"हे कोण?"

"राखणदार," साळुबाई म्हणाली.

"पगार काय घेतात?"

"नारळ."

"बरे आहेत," फादर म्हणाले. "आमच्या कॉलेजचा वॉचमन यापेक्षा जास्त घेतो आणि झोपतो." ते खाली बसले आणि एका रडणाऱ्या पोराला त्यांनी मांडीवर घेतलं. पोराने लगेच त्यांचा झगा ओला केला. साळुबाईला त्या दिवशी पहिल्यांदा मी हसताना पाहिलं. मिश्रीने काळे झालेले सगळे दात दिसले.

त्या हंगामात उरलेले दिवस कोणाचंही पोर बांधावर राहिलं नाही. टोळी गावी परत गेली. मार्थाने परीक्षा दिली आणि दुसऱ्या वर्गात पास झाली.

सगळ्यांना वाटत होतं ती सिस्टर होईल. पुण्याच्या सिस्टरांनी तिला बोलावलंही होतं. ती जाऊन राहून आली. परत आली तेव्हा मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "तिथं फार छान होतं. पण प्रार्थनेला बसले की मला वाटायचं, कुठंतरी पोर रडतंय." तिने कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी धरली. हंगामात बिनपगारी रजा घ्यायची, हे ठरवूनच. लग्न संगमनेरच्या अंतोनशी झालं. तो वायरमन आहे. बायको वर्षातले सहा महिने परक्या पोरांची असणार, हे त्याला आधीच सांगितलेलं होतं. तिचा सांगून टाकायचा स्वभाव त्याला तेव्हाच कळला असणार.

पुढे एका शेतकऱ्याने जागा दिली, कॉलेजने पत्रे दिले, आणि ताडपत्रीच्या जागी खोली झाली. वीज अंतोनने ओढली. म्हसोबा ताडपत्रीतून खोलीत आला. मार्था अजून त्याची पूजा करत नाही. पण खोली झाडताना त्याच्याभोवतीचा केर ती हाताने काढते. झाडू लावत नाही.

तिला मुलगी झाली तेव्हा बाळंतपणानंतरच्या पहिल्याच हंगामात ती तिला घेऊन खोलीत आली. इतरांच्या झोळ्यांमध्ये तिचीही झोळी. साळुबाई तेव्हा फार थकली होती, फडात जात नव्हती, पण कोपीपर्यंत आली होती. तिने मार्थाच्या मुलीला उलटं-पालटं करून बघितलं आणि म्हणाली, "आता कुटं शिकाया लागलीस."

साळुबाई गेली त्याला दोन-तीन वर्षं झाली. ती गावाकडेच वारली. बातमी टोळीबरोबर आली. त्या रविवारी मार्थाने कॉलेजच्या मिस्सेत तिचं नाव घ्यायला लावलं. फादर आल्बर्टनी ते नीट, सावकाश उच्चारलं. सगळ्यांनी तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली.

यंदाच्या, दोन हजार सहाच्या राखेच्या बुधवारी मी मुद्दाम पारगावला गेले. मी आता पुण्याला शिकवते. सकाळी लवकर पोचले. मार्था कॉलेजातून मिस्सा करून नुकतीच आली होती. आता तिच्याकडे स्कूटर आहे. कपाळावरचा क्रूस वाऱ्याने फिसकटलेला. गोरखचा टेम्पो दारात होता, त्यातून तो रताळी उतरवत होता. त्याचं लग्न झालंय, पोट सुटलंय. मला बघून म्हणाला, "आल्या का प्राध्यापकबाई. धरा, एक पोर घ्या."

मार्था येईपर्यंत थांबलेल्या बायका आता फडाला निघाल्या होत्या. कुशाबाई घाईत आली. तिचा तो मोठा पोरगा आता गावी आजोबांकडे शाळेत आहे. कडेवर शेंडेफळ होतं. चालता चालताच तिने ते मार्थाच्या हातात दिलं, कोयता खांद्यावर नीट केला आणि पुढे गेली. मग थांबली. मागे वळून तिने मार्थाच्या कपाळाकडे निरखून पाहिलं.

"औंदा फादरनं लई फिकी लावली गं," ती म्हणाली.

"म्हातारे झालेत," मार्था म्हणाली. "हात थरथरतो."

"तेल लावाया सांग त्येंला हाताला. तिळाचं." कुशाबाई फडाकडे चालू लागली.

तिच्या पोराने हात उचलला आणि मार्थाच्या कपाळावरून फिरवला.